चेकनट कुणी सैल केला

३ फेब्रुवारी

आली! गाडी आली. माझ्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवलीय. पुढचं चाक वाकडं, डावी बाजू खरवडलेली, टाकीवर नऊ वर्षांची धूळ. पण आली.

सकाळीच भंगारवाल्याचा फोन. "बाई, तुमच्या भाऊजींनी शेड रिकामी करायला काढलीय. ती जुनी मोटरसायकल मला देऊन टाकली. तुम्हाला हवी का? नाहीतर उद्या कापतो." म्हटलं, हात लावलास तर तुलाच कापीन. तो हसला. मी हसत नव्हते.

बदल्यात काय देऊ विचारलं, तर म्हणाला, "माझ्या टेम्पोचा दुसरा गिअर ओरडतो. तेवढा बघा." नऊ वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. बघते म्हणाले.

भाऊजींनी कापायला दिली! नऊ वर्षं ताडपत्री घालून ठेवली, कुणाला बोट लावू दिलं नाही, आणि आता एकदम कापायला. का? पुरावा नको म्हणून. दुसरं काय असणार!

४ फेब्रुवारी

लिहून ठेवते सगळं. डोक्यात ठेवलं तर डोकं फुटेल.

ताईला जाऊन येत्या २ मार्चला दहावं वर्ष लागेल. नवरा-बायको दोघं गाडीवर. उतारावर, शेवटच्या वळणाला, गाडी कठड्यावर आदळली. भाऊजींचं गळ्याचं हाड मोडलं. ताई जागेवर गेली. त्याच्या आठच दिवस आधी या गाडीचा गिअरबॉक्स मी उघडला होता. शाफ्टचा पितळी बुश बदलला, आतली स्प्रिंग बदलली, सगळं बसवून, चालवून बघून दिली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आईनं भाऊजींना विचारलं, "कुणाची चूक?" भाऊजी गळ्यात हात बांधून खुर्चीवर बसलेले. म्हणाले, "गिअर पडला नाही. छोटीनं उघडला होता गिअरबॉक्स." बस. एवढंच. पण दादानं ऐकलं, वहिनीनं ऐकलं, आईनं ऐकलं.

छोटी म्हणजे मी. बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्सच्या टेबलावर एकवीस वर्षं काढलेली. पोरं गिअरबाई म्हणायची. मोठमोठे फोरमन मला हाक मारून विचारायचे — बाई, कान लावा जरा, कुठला दात गेलाय? महिन्याभरात मी स्वतःच स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. तेव्हापासून जाळीच्या खिडकीतून लोकांना नट-बोल्ट देते. गिअरबाई कुणी म्हणत नाही.

आई दादाकडं असते. मी गेले तर माझ्या तोंडाकडं बघत नाही. हातांकडं बघते. नऊ वर्षं! आणि भाऊजी? दर रविवारी दादाकडं जेवायला. आई स्वतः वाढते त्यांना. "बिचारा एकटा पडला." माझ्या खुर्चीवर बसून जेवतो तो बिचारा!

आता गाडी माझ्याकडं आहे. गिअरबॉक्स उघडते. आतलं माझं काम जसंच्या तसं निघालं, तर २ मार्चला दादाकडं सगळे जमतील तेव्हा टेबलावर मांडीन. एकेक दात मांडीन. आईसमोर. त्यांना नाक घासायला लावीन.

७ फेब्रुवारी

ड्यूटीवरून येऊन रोज दोन तास. गंज फार. चेन तर एक अखंड दांडकं झालीय. एकेका बोल्टला तेल सोडून ठेवलंय. घाई करायची नाही. बोल्टाचं डोकं गेलं तर पुरावा गेला.

९ फेब्रुवारी

गिअरबॉक्सचं तेल काढलं. काळं, दाट, पण त्यात चुरा नाही! दोनदा मॅग्नेट फिरवलं. आत काही तुटलं असतं, दात घासला असता, तर लोखंडाचा कीस चिकटला असता. हाताला काही लागलं नाही.

जेवताना एकटीच हसत होते.

१० फेब्रुवारी

काही नाही. दात-ओठ खाल्ले, भांडी घासली, झोपले.

१२ फेब्रुवारी

कव्हर उघडलं.

आधी हात धुतले. का ते माहीत नाही. मग उघडलं.

सगळं माझं. लॉक वॉशरचं पान मी वाकवलं होतं तसंच वाकलेलं. नवा बुश अजून पिवळा. स्प्रिंग ताठ. कव्हरच्या आत कोपऱ्यात माझा ठिपका — गिअरबॉक्स बंद करायच्या आधी पंचनं एक ठिपका मारते, एकवीस वर्षांत एकदाही चुकले नाही. कुणी काही हलवलेलं नाही.

शाफ्ट हातानं फिरवत एकेक गिअर टाकला. पहिला — टक्. दुसरा — टक्. तिसरा. चौथा. उलट परत. वीस वेळा केलं. एकदाही अडखळला नाही.

माझी चूक नव्हती. माझी चूक नव्हती. माझी चूक नव्हती!!

नऊ वर्षं मला वाटायचं, कुठंतरी काहीतरी विसरले असेन. बस चालवणारे खिडकीशी येऊन उभे राहायचे तेव्हा त्यांच्या नजरेला नजर देता यायची नाही. कुणाला सांगितलं नाही हे. या वहीलासुद्धा नाही. आणि हा माणूस खोटं बोलला. एका वाक्यात माझा हात तोडून टाकला आणि गेला जेवायला.

सोडणार नाही.

१४ फेब्रुवारी

दादाचा फोन. "दोन तारखेला येणार असशील तर ये. पण गाडीचा विषय नको काढूस. आईला सोसत नाही. भाऊजी म्हणत होते, गाडी तू नेलीस म्हणे भंगारवाल्याकडून?"

म्हणजे कळलंय त्यांना! बसू दे घाबरत.

म्हटलं, "नाही काढत विषय." विषय तोंडातून काढणार नाही, पिशवीतून काढीन.

१५ फेब्रुवारी

भंगारवाल्याच्या टेम्पोचा गिअरबॉक्स बघितला. तेलच नव्हतं त्यात! चहा पाजला त्यानं. "बाई, हात अजून तोच आहे तुमचा." मी म्हटलं, हाताला काय झालं होतं?

१७ फेब्रुवारी

पण मग गिअर पडला का नाही?

हा प्रश्न दोन दिवस टोचत होता. आत दोष नाही, तर बाहेर असणार. पाय टेकतो तो लिव्हर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये वीतभर लांबीचा एक रॉड असतो. दोन्ही टोकांना आटे, दोन्ही टोकं सांध्यात फिरवून बसवलेली. रॉड आत-बाहेर फिरवला की लिव्हर वर-खाली होतो, ज्याच्या त्याच्या पायाच्या सोयीनं. आणि तो आपोआप फिरू नये म्हणून दोन्हीकडं चेकनट आवळायचा. एवढंच यंत्र. पोरखेळ.

धूळ पुसली. रॉड पुढून लोंबकळतोय. मागचं टोक मोकळं!

आटे नवे कोरे. तुटलेले नाहीत, ओरबाडलेले नाहीत. म्हणजे धक्क्यानं तुटला नाही. फिरत फिरत सुटला. आधी सुटला, मग आदळले. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणताना रॉड गळाला, गाडी दोन गिअरांच्या मध्ये लटकून न्यूट्रलला आली, इंजिनाचा आवर गेला, उतारावर नुसत्या ब्रेकवर काय होणार! या जुन्या गाड्यांचे ब्रेक म्हणजे देवाला हात जोडल्यासारखे.

आणि आता ऐका (कोण ऐकतंय!) — नट आवळून झाला की मी नटावरून रॉडवर लाल रंगाची एक सरळ रेघ ओढते. नट जरा हलला तरी रेघ मोडते, लगेच दिसतं. रॉडवर माझी अर्धी रेघ आहे. नटावर अर्धी आहे. त्यांच्यात पाच आट्यांचं अंतर! आणि नटाच्या दोन कोपऱ्यांवर पान्याचे ओरखडे. सैल पाना घसरवून घसरवून फिरवलाय. मी असा पाना धरत नाही. मेले तरी नाही.

माझ्यानंतर कुणीतरी चेकनट सैल केला, रॉड फिरवला, आणि परत आवळलाच नाही.

गाडी कुणाच्या शेडमध्ये होती? भाऊजींच्या. हत्यारं कुणाची? भाऊजींची.

सापडलात!

१८ फेब्रुवारी

कामावर दिवसभर मनात भाषण. खिडकीशी फोरमन उभा, "बाई, आठचे वॉशर मागितले, हे बाराचे आहेत." दिले आठचे.

भाषण असं — "आई, हे बघ. ही माझी रेघ. ही मोडली कुणी? विचार तुझ्या लाडक्या जावयाला." मग थांबायचं. मुद्दाम थांबायचं. त्यांचं तोंड बघायचं. घाई नाही. नऊ वर्षं थांबले, आणखी एक मिनिट.

२१ फेब्रुवारी

नुसते सुटे भाग दाखवून उपयोग नाही. आईला काय कळणार रॉड आणि नट? गिअर पडताना दिसला पाहिजे, आणि सुटतानाही दिसला पाहिजे. म्हणून सगळं परत बसवतेय. रॉकेलमध्ये धुतलं, नवं सील, नवं गॅस्केट, तेल पातळीपर्यंत. सांध्यांना ग्रीस. फ्रेमला जोडलं. लिव्हरला पाय लावला — लोण्यातून सुरी जावी तसा गिअर! वाईट कामासाठी इतकं सुंदर काम आयुष्यात केलं नव्हतं.

वाईट? वाईट का म्हणून लिहिलं मी? न्याय आहे हा.

२३ फेब्रुवारी

आज रॉड त्यानं लावला होता तेवढ्याच लांबीवर बसवून बघितला. त्यानं म्हणजे भाऊजींनी. गंजाच्या खुणेवरून लांबी कळते.

लिव्हर खूपच खाली आला. अगदी पायाखाली. भाऊजींचा पाय म्हणजे होडी. चपला मुद्दाम शिवून घ्याव्या लागतात. त्यांच्या पायाला हा लिव्हर कसा सोयीचा? बूट अडकेल मध्ये.

मग फूटरेस्ट बघितला. मी बसवला होता तिथं नाही. एक दात पुढं सरकवलाय. फूटरेस्ट आणि लिव्हर यांच्यातलं अंतर दोन बोटांनी कमी झालंय.

स्वतः बसून बघितलं. माझाही पाय मावेना. टाच मागं लोंबते.

कुणासाठी लावलं होतं हे?

२४ फेब्रुवारी

झोप नीट नाही. कामावर गेले नाही.

लहानपणी आमच्या घरात एक विनोद होता. सगळ्यांच्या घरी थोरलीच्या चपला धाकटीला. आमच्याकडं माझ्या जुन्या चपला ताईला! पाच वर्षांनी मोठी, पण पाय बाहुलीचे. दुकानदार लहान मुलींच्या फळीकडं न्यायचा आणि ती लाजेनं लाल व्हायची.

नाही. ताई रस्ता ओलांडताना माझा हात धरायची. गाडीवर मागं बसताना डोळे मिटायची. सायकलसुद्धा शिकली नाही कधी. नाही.

परत जाऊन हँडल बघितलं. मागं फिरवलंय. आखूड हातांसाठी.

२५ फेब्रुवारी

गेले भाऊजींकडं. दुपारीच. सांगून नाही गेले.

रॉड काढून हातात घेतला होता. भाऊजींनी दार उघडलं, रॉड बघितला, आणि खाली बसले. दारातच, पायरीवर. केवढे म्हातारे दिसतात! मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

मी उभीच. म्हटलं, "कोण चालवत होतं?"

भाऊजींनी रॉडच्या मोकळ्या टोकावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "दोन वर्षं शिकवत होतो तिला. रविवारी सकाळी, बंद गिरणीच्या मागच्या रस्त्यावर. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती."

"मला पण?"

"तुला तर मुळीच नाही. म्हणायची, एक दिवस छोटीच्या वर्कशॉपच्या दारात जाऊन उभी राहीन. स्वतः चालवत. तिचं तोंड बघायचंय मला."

मी म्हटलं, "मग?"

"त्या दिवशी तुझ्याकडंच येत होतो."

पायरीवर बसले मी. त्यांच्यापासून लांब.

लिव्हर तिच्या पायाला लांब पडायचा. आदल्या दिवशी तिनंच पाना घेतला. "छोटी असाच धरते ना?" विचारत होती म्हणे. रॉड फिरवला, फूटरेस्ट सरकवला. मी विचारलं, "चेकनट?" म्हणाले, "तिनं आवळला असं वाटलं मला. मी बघितलं नाही. हसत होतो आम्ही. मी बघायला पाहिजे होतं गं."

मग मी ओरडले. शेजारची बाई खिडकीत आली इतकी ओरडले. "मग माझं नाव का घेतलंत? माझंच का?"

ते म्हणाले — शब्दन् शब्द लिहिते, विसरायचं नाहीय मला — "आईंनी विचारलं, कुणाची चूक. तिचं नाव घेववेना. ती आत पांढऱ्या चादरीखाली होती. माझं घेतलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी मला टाकलं असतं. मला तुमच्याशिवाय कोण होतं? तुझं घेतलं. तू खंबीर. तुला झेपेल असं वाटलं."

झेपेल!

"नंतर सांगायचं होतं. पहिल्या महिन्यात. मग वर्षात. मग धीरच गेला. म्हणून शेवटी गाडीच कापायला दिली, रोज समोर नको."

मी उठले. म्हटलं, "दोन तारखेला आईसमोर सांगीन. सगळं. तुम्ही माझ्या खुर्चीत बसलेले असाल तेव्हा."

"सांग," म्हणाले. "मी येईन."

२६ फेब्रुवारी

माफ केलेलं नाही. हे स्पष्ट लिहून ठेवते, उद्या मलाच शंका नको.

सगळ्यांसमोर असं धुवायचं की रविवारचं जेवण विसरले पाहिजेत. मी नऊ वर्षं एकटीनं भात खाल्लाय. आता त्यांनी खावा.

२७ फेब्रुवारी

पण ते सांगायचं तर हेही आलंच — नट ताईनं सैल ठेवला. माझी सुटका म्हणजे तिच्यावर ठपका. आई म्हणेल, म्हणजे माझ्या लेकीनं स्वतःच स्वतःला...

या माणसानं मला असं पेचात धरलंय की उट्टं काढायला गेले तर ताईच्याच अंगावर पडतं. अजून राग वाढला. वाटलं नव्हतं अजून जागा असेल.

२८ फेब्रुवारी

रॉड माझ्या जुन्या लांबीवर आणला. दोन्ही चेकनट आवळले. लाल रेघ ओढायला ब्रश उचलला आणि हात थांबला.

मला एवढंच दिसत होतं — वर्कशॉपचं दार. डेपोच्या बसेस. आणि ताई. डोळे उघडे.

किती खोटारडी! दोन वर्षं माझ्याशी रोज फोनवर बोलायची. "मला बाई गाड्यांची भीती वाटते." असं म्हणायची! आणि रविवारी सकाळी...

हसले मी. मग रडले. मग परत भाऊजींचा राग आला. तिचं हे सगळं त्यांनी नऊ वर्षं स्वतःजवळ ठेवलं. मला निदान हे तरी द्यायचं होतंत. मेलेल्या बहिणीबद्दल एक नवीन गोष्ट. ते चोरलंत तुम्ही. माझं काम घेतलंत त्यापेक्षा हे मोठं.

१ मार्च

गाडी दादाकडं नेणं जमणार नाही, म्हणून रॉड परत काढला; तो, जुना नट, जुना लॉक वॉशर, सगळं पिशवीत भरलं. भाषण पाठ आहे.

२ मार्च

पिशवी उघडलीच नाही. जेवणं व्हायची होती, सगळे बसले होते, भाऊजी ताटाकडं बघत. मी एवढंच म्हणाले, "आई, त्या दिवशी गाडी ताई चालवत होती. दोन वर्षं चालवायची."

दादा ओरडला, "काय बोलतेस! मग चूक कुणाची?" म्हटलं, "नट सुटला. सुटतात नट."

भाऊजी म्हणाले, "छोटीचं काम चोख होतं. मी खोटं बोललो." दादा ताडकन उठला. आईनं हात वर केला, तसा थांबला. तिचं लक्ष नव्हतंच त्यांच्याकडं. मला जवळ बसवलं. मग हळूच, चोरी करावी तशी म्हणाली, "ताईला येत होती? जोरात चालवायची का गं?"

मला काय माहीत! म्हटलं, "यांना विचार. मागं बसायचे ते."

आणि भाऊजींना सांगावं लागलं. पहिल्या दिवसापासून, एकेक रविवार. आई मध्येच थांबवून विचारत होती — मग? मग? जेवण गार झालं तरी तिनं त्यांना उठू दिलं नाही.

मलाही नाही.